जिना आणि मोरी

चाळीच्या दुरुस्तीत जिना आणि मोरी ही दोन वेगळी कामे समजली जातात. जिना सगळ्यांचा, म्हणून तो वर्गणीतून. मोरी ज्याची त्याची, म्हणून ती बोनसमधून किंवा पतपेढीच्या कर्जातून. हिशेबासाठी ही वाटणी ठीक आहे, पण इमारतीला ती मान्य नसते. लालबागच्या जुन्या लाकडी चाळीत या दोन्ही जागा पाणी आणि वजन या एकाच जोडीने खराब होतात. हातात पैसा थोडा असेल तेव्हा तो कुठे आधी घालायचा हे ठरवायला याच जोडीच्या मागे जावे लागते.

गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात लालबाग, परळ, काळाचौकी, घोडपदेव या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या बऱ्याचशा चाळींचा सांगाडा सारखाच असतो. विटांच्या जाड भिंती, त्यांत रुतवलेल्या सागवानी तुळया, तुळयांवर वासे, वाशांवर फळ्या, फळ्यांवर कोबा आणि त्यावर लादी. दहा बाय बाराच्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी. पुढे सामायिक गॅलरी, तिच्या टोकाला संडास, आणि बऱ्याच ठिकाणी संडासाला लागूनच जिना. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधलेल्या ना. म. जोशी मार्ग, नायगाव, वरळी आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी याला अपवाद. त्या सिमेंट काँक्रीटच्या. तिथे लाकूड कुजत नाही, आतल्या सळया गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. पुढचे विवेचन लाकडी सांगाड्याच्या चाळीपुरते आहे.

अशा इमारतीत पाण्याची वाट ठरलेली असते. मोरीच्या लादीच्या सांध्यातून ते कोब्यात उतरते, कोब्यातून फळीवर, फळीवरून वाशाच्या त्या टोकाकडे जाते जे भिंतीत रुतलेले असते. खोलीच्या मधोमध वासा उघड्यावर असतो, वारा लागून सुकतो. भिंतीतले टोक सुकत नाही, म्हणून लाकूड तिथूनच कुजते. संडासाच्या आणि मोऱ्यांच्या उभ्या पाइपांमधून गळणारे पाणी जिन्याच्या भिंतीत शिरते आणि चौथऱ्याच्या, म्हणजे जिन्याच्या मधल्या टप्प्याच्या, तुळईचे टोक भिजत राहते. त्याच जिन्याखाली विजेच्या मीटरची पेटी असते. कुठल्याही एका खोलीची मोरी कितीही झकास केली, तरी बाहेरचा बिडाचा पाइप सांध्यात फुटलेला असेल तर त्या खर्चाला काही अर्थ उरत नाही. पहिला रुपया या उभ्या पाइपावर गेला पाहिजे, आणि नेमका तोच कोणाला द्यायचा नसतो, कारण पाइप कोणाच्याच खोलीत नसतो.

म्हणून आखणीची सुरुवात मोरीत उभे राहून करू नये, खालच्या मजल्यावर जाऊन छताकडे बघून करावी. छतावर पिवळट कडा असलेले डाग, वाशाच्या टोकाला पांढरट बुरशी, वाळवीने काढलेल्या मातीच्या रेषा हे सगळे तिथेच दिसते. वाशावर हातोडीने हलके ठोकत गेले की निरोगी सागाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्याचा बद्द. भिंतीपासूनच्या पहिल्या वीतभर भागात पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर काम गवंड्याचे राहिले नाही, ते सुताराचे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे झाले. खालच्या बिऱ्हाडाशी बोलणे असेल तर ही पाहणी अर्ध्या तासात होते. बोलणे नसेल, तर दुरुस्तीचा पहिला टप्पा तोच समजावा.

वजनाचा हिशेब पाण्यापेक्षाही कमी वेळा केला जातो. मोरी तीन फूट बाय चार फुटांची धरली तर क्षेत्रफळ बारा चौरस फूट. वॉटरप्रूफिंगची जुनी आणि विश्वासाची पद्धत म्हणजे विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा. सरासरी चार इंच जाडीने त्याचे वजन एवढ्याशा जागेत सव्वादोनशे किलोंच्या आसपास जाते. वर दोनशे लिटरचे पिंप भरले की आणखी दोनशे. जुनी लादी न काढता तिच्यावर मसाला घालून नवी बसवली की दर खेपेला सत्तर-ऐंशी किलो वाढतात. पन्नास वर्षांत एका मोरीत लादीचे तीन थर सापडणे ही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा ‘लादीवर लादी मारून टाकू, स्वस्तात होईल’ हा गवंड्याचा सल्ला काँक्रीटच्या स्लॅबवर एक वेळ चालेल, लाकडी वाशांवर चालत नाही. जुने थर फोडून खाली उतरवणे हा खर्च टाळता येत नाही. उलट बजेट फार ताणलेले असेल तर फक्त हे काम करून, फळ्या आणि वासे पाहून, साधा कोबा घालून थांबावे. मोरीला चकाकी नसली तरी चालते.

लाकडी जमिनीवर जाड कोब्याऐवजी हलका थर घालण्याकडे आता कल आहे, आणि तो योग्य आहे. चांगल्या फळ्यांवर सिमेंटचा बोर्ड, त्यावर उतार देणारा पातळ थर, मग सिमेंट-पॉलिमरचे दोन घटकी लेपन दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा सर्वांत कच्चा. तिथे लेपनात जाळीची पट्टी बसवून ते भिंतीवर किमान फूटभर चढवावे लागते. नहाणी ट्रॅपच्या तोंडाभोवतीही तेच. गळती जमिनीच्या मधोमध क्वचित सुरू होते. ती सुरू होते कोपऱ्यात, उंबरठ्याशी आणि ट्रॅपच्या गळ्याशी.

उताराबाबत मुंबईचा गवंडी सुतात बोलतो. इंचाचे आठ सूत. मोरीला फुटामागे एक ते दोन सूत उतार पुरतो. त्याहून कमी दिला तर पाणी कोपऱ्यात साचते, जास्त दिला तर साबणाच्या पाण्यात म्हातारे माणूस घसरते. ट्रॅपमध्ये सुमारे दोन इंच पाणी कायम उभे राहते, तीच दुर्गंधीची आणि झुरळांची अडवणूक. मोरीचा वापर रोज होतो म्हणून ते पाणी आटत नाही. सगळे घर महिनाभर कोकणात गेले आणि परतल्यावर खोलीला वास आला, तर तो गळतीचा नसतो, आटलेल्या ट्रॅपचा असतो. तांब्याभर पाण्याने तो जातो.

लेपन वाळल्यावर आणि लादी बसवण्याआधी एक चाचणी होते, आणि घाईत नेमकी तीच वगळली जाते. ट्रॅपचे तोंड गोणपाटाने गच्च बंद करून मोरीत दोन इंच पाणी भरायचे, भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण करायची आणि अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवायचे. बारा चौरस फुटांत त्याला जेमतेम पंचावन्न-साठ लिटर पाणी लागते, म्हणजे खर्च जवळपास काहीच नाही. लागतात ते दोन दिवस. तेवढ्यात घरातली चार-पाच माणसे आंघोळीला जाणार कुठे, हा खरा प्रश्न. फोडण्यापासून लादीच्या सांध्यात ग्राउट भरेपर्यंत मोरी दोन आठवडे बंद राहते असे धरून चालावे आणि शेजारच्या मोरीचा आधार आधीच ठरवून ठेवावा. चाळीत तो मिळतो. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत याला जागा नाही, पण आखणीच्या कागदावर असायला हवी.

लादीचा खर्च कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे उंची. तीन बाय चारच्या मोरीत दरवाजा वगळता भिंतीची लांबी साडेअकरा फूट भरते. सात फुटांपर्यंत टाइल्स लावल्या तर ऐंशी चौरस फूट लागतात, चार फुटांपर्यंत सेहेचाळीस. बसून आंघोळ करणाऱ्या घरात पाणी चार फुटांवर फारसे उडत नाही. त्याच्या वर सिमेंटचा घोटीव गिलावा आणि चांगला रंग पुरतो. जमिनीला खरखरीत लादी घ्यावी, नाहीतर कोटा. भिंतीच्या टाइल्स जमिनीला लावू नयेत, त्या ओल्या झाल्या की पाय टिकत नाही. तुटफुटीसाठी दहा टक्के जास्त घेऊन उरलेल्या चार-सहा लाद्या माळ्यावर ठेवाव्यात. पाच वर्षांनी तोच रंग दुकानात मिळत नाही.

नळाचे पाइप भिंतीत दडवण्याचा आग्रह सोडून द्यावा. चाळीतल्या मधल्या भिंती कित्येकदा साडेचार इंचांच्या असतात. त्यांत खाच पाडली की भिंत कमजोर होते आणि पुढे सांधा गळला तर कळत नाही. सीपीव्हीसीचा पाइप क्लिपा लावून उघडा नेला तर मजुरी वाचते आणि दुरुस्ती पाच मिनिटांत होते. वाचलेला पैसा पितळी नळात घालावा. झटपट पाणी तापवणारा तीन किलोवॉटचा गिझर तेरा अँपिअर वीज ओढतो. खोलीतली जुनी वायर तेवढे पेलते का, अर्थिंग आहे का हे वायरमनने पाहिल्याशिवाय तो लावू नये, आणि सोबत गळतीचा विजेचा प्रवाह तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. बजेटमधून काढता न येणारी ही एकमेव वस्तू.

खोलीतच संडास हवा ही इच्छा जुनी आहे आणि समजण्याजोगी आहे, विशेषतः गुडघे दुखणाऱ्यांच्या घरात. त्याला चार इंची पाइप, तो नेण्यापुरता उतार आणि त्यासाठी उचललेली जमीन लागते. शिवाय घरमालकाची आणि पालिकेची परवानगी. उभा पाइप खोलीच्या भिंतीलगत नसेल तर कमी पैशात हे नीट होत नाही.

परवानगीचा मुद्दा इथेच उरकता येतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये किरकोळ, म्हणजे भाडेकरूने करायच्या दुरुस्त्यांना सूट आहे. गिलावा, रंग, लादी बदलणे, न्हाणीघराची व संडासाची डागडुजी, सांडपाण्याचे पाइप आणि नळ बदलणे ही कामे त्यात बसतात. भार पेलणारी भिंत किंवा सांगाड्याचा भाग काढणे-बदलणे, जमिनीची पातळी खाली नेणे, पोटमाळा घालणे किंवा वाढवणे ही बसत नाहीत. म्हणजे मोरीची लादी बदलणे हे घरगुती काम, पण मोरीखालचा वासा बदलणे नाही. जिना तर सांगाड्यातच मोडतो. तीस वर्षांवरच्या इमारतीला कलम ३५३-ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरली असेल तर मोरीवर एक पैसाही घालू नये. सी-२-बी असेल तर सांगाड्याची दुरुस्ती आधी, बाकी सगळे नंतर.

जुन्या चाळी बहुधा उपकरप्राप्त असतात. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात येतात. त्यांच्या सांगाड्याची दुरुस्ती म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ उपकराच्या निधीतून करते, मात्र प्रति चौरस मीटर ठरवलेल्या खर्चमर्यादेत. वरचा भार रहिवाशांवर. त्यामुळे जिन्यासाठी वर्गणीची वही उघडण्याआधी मंडळाकडे अर्ज गेला पाहिजे. अर्ज रेंगाळतो हे खरे, पण टेकू लावण्याचे काम तरी त्यातून लवकर होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ घरमालकावर इमारत सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी टाकतो, आणि त्याने ती टाळली तर भाडेकरूंना नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करण्याची व खर्च भाड्यातून वळता करून घेण्याची मुभा देतो, मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पागडीच्या खोलीचे भाडे पाहता या चतुर्थांशात जिन्याचे खिळेही येत नाहीत.

आता जिना. लालबागच्या चाळीचा जिना चढताना दम लागतो याचे कारण साध्या गणितात आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे निवासी इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, आणि पाऊल ठेवायची रुंदी किमान २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच. फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँदेल याने सतराव्या शतकात मांडलेले सूत्र आजही वापरले जाते: दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी मिळून साधारण चोवीस-पंचवीस इंच यावेत. सात, सात आणि दहा मिळून चोवीस, असा जिना पायांना कळतही नाही. चाळीत मात्र नऊ इंच चढ आणि नऊ इंच रुंदी सर्रास आढळते, बेरीज सत्तावीस.

मग जिना नव्याने, नियमाप्रमाणे का बांधू नये? मजल्याची उंची अकरा फूट धरली तर सात इंचांच्या हिशेबाने एकोणीस चढ आणि अठरा पायऱ्या लागतात. दहा इंची पायरीला पंधरा फूट लांबी हवी. नऊ इंचांच्या हिशेबात पंधरा चढ, चौदा पायऱ्या, साडेदहा फूट. हे जादा साडेचार फूट चाळीत नसतात. ते गॅलरीतून किंवा कोणाच्या तरी खोलीतून घ्यावे लागतील. कमी बजेटमध्ये जिन्याचा कोन बदलण्याचे स्वप्न इथेच सोडून द्यावे आणि त्याच कोनात तो सुरक्षित कसा होईल ते पाहावे.

सुरक्षेचा पहिला नियम असा की पायऱ्या उंच असल्या तरी चालतील, त्या सारख्या असल्या पाहिजेत. पाय पहिल्या दोन पायऱ्यांत अंदाज घेतो आणि पुढच्या सगळ्या त्याच अंदाजाने चढतो. अमेरिकी बांधकाम नियमांत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत ३/८ इंचाहून, म्हणजे तीन सुतांहून जास्त फरक चालत नाही. आपल्याकडे हा नियम दुरुस्तीच्या वेळी नकळत मोडला जातो. झिजलेल्या पायऱ्यांवर इंचभर जाडीची नवी फळी ठोकली की मधल्या पायऱ्यांचे अंतर तेच राहते, पण सर्वांत खालची पायरी इंचाने उंच होते आणि सर्वांत वरची इंचाने बुटकी. लोक त्यानंतर नेमके पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीवर ठेचकाळतात आणि दोष नव्या फळीच्या पॉलिशला देतात. नवी फळी घालायचीच असेल तर जुनी काढून घालावी, वर चढवू नये.

त्याआधी मात्र जुनी फळी उलटून पाहावी. शंभर वर्षांच्या वापरात सागाची फळी मधोमध खोलगट होते आणि तिची पुढची कड गोल होते, पण खालची बाजू बहुतेक वेळा सपाट, कोरडी आणि ठणठणीत असते. लाकूड निरोगी आणि जाडी पुरेशी असेल तर सुतार तीच फळी पलटून, कड तासून पुन्हा बसवतो. खर्च फक्त मजुरीचा आणि स्क्रूंचा. खिळे वापरू नयेत, ते सैल होऊन डोके वर काढतात. ज्या फळ्या बाद होतील त्यांच्या जागी रे रोडच्या लाकडी बंदर भागातून लाकूड आणता येते. पाडलेल्या इमारतींचे जुने सागवानी लाकूडही मिळते. ते आधीच वाळून बसलेले असल्याने पावसाळ्यात वाकत नाही, म्हणून इथे जुने लाकूड नव्यापेक्षा सरस. फक्त त्यातले जुने खिळे काढून घ्यावेत आणि वाळवीचे औषध मारावे.

पायऱ्या ज्या दोन तिरक्या बाजूफळ्यांत बसवलेल्या असतात त्यांची खालची टोके जमिनीला टेकतात. तिथे जमीन धुतल्याचे पाणी रोज लागते. ही टोके कुजली असतील तर पायऱ्यांचे काम आधी करणे व्यर्थ. कुजका भाग कापून, जमिनीपासून चार-सहा इंच उंच काँक्रीटच्या किंवा दगडाच्या बैठकीवर नवा तुकडा जोडावा. चौथऱ्याच्या तुळईचे टोक भिंतीत कुजले असेल तर दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल लावून बोल्टने आवळतात, पण हे इंजिनिअरच्या नकाशाशिवाय करू नये, आणि काम चालू असताना खाली टेकू असलेच पाहिजेत.

कठड्याचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. उघड्या बाजूला कठडा असतोच. भिंतीच्या बाजूला तीन फूट उंचीवर, भिंतीपासून दोन इंच सोडून दीड इंची गोल नळी लावली की म्हाताऱ्या माणसांचा जिना निम्म्याने सोपा होतो. कठड्याच्या उभ्या गजांत चार इंचांहून जास्त फट नको, त्यातून लहान मुलाचे डोके जाते. स्टेनलेस स्टील घ्यायचे तर ३०४ ग्रेडचे. २०२ स्वस्त पडते, पण मुंबईच्या खाऱ्या हवेत त्यावर लवकर तांबूस डाग येतात. त्यापेक्षा साधे लोखंड, रेड ऑक्साइड आणि दर दोन वर्षांनी रंग हे परवडते.

जिन्याच्या रुंदीत मात्र काटकसर नको. तीन फुटांच्या जिन्यात चपलांचे रॅक, सायकल आणि गॅसची टाकी आली की वाट दीड फुटांची होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर पावसात झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले. चाळीच्या जिन्यावर तेवढी गर्दी रोज नसते, पण गणेशोत्सवात लालबागच्या घराघरांत पाहुण्यांची रीघ लागते आणि तोच जिना कितीतरी पट माणसे वाहतो. जिन्यातले सामान हटवायला पैसे लागत नाहीत. लागतो तो वाईटपणा घ्यायला तयार असलेला एक माणूस.

मीटरपेटीला हात लावू नये. ती हलवायची असेल तर बेस्टकडे अर्ज करावा. आपल्या हातात आहे ते तिच्यावर गळणारे पाणी थांबवणे आणि तिच्यासमोरचा जुना गठ्ठा, रद्दी, मखराचे थर्माकोल काढणे. जिना लाकडी असताना खाली असे सरपण रचून ठेवणे म्हणजे वरच्या सगळ्यांचा रस्ता पणाला लावणे.

वर्गणीचा वाद तळमजल्यापासून सुरू होतो. तिथला भाडेकरू म्हणतो, मी जिना चढतच नाही. वरचा म्हणतो, पत्रे गळतात त्याची वर्गणी मी एकटा का देऊ. जिना, उभे पाइप आणि छप्पर या तिन्हींचा खर्च एकाच वहीत मांडून खोलीमागे वाटला तर हा वाद बराच निवळतो, कारण पाइप सगळ्यांचे असतात.

कामाचा क्रम चाळीला लिफ्ट नसल्याने आपोआप ठरतो. आधी उभे पाइप, मग वासे आणि तुळया, मग मोऱ्या, आणि जिन्याच्या पायऱ्यांचे अंतिम काम सर्वांत शेवटी. फोडलेल्या मोरीचे राबीट, वाळूच्या गोण्या, सिमेंट, लादीचे खोके हे सगळे बिगाऱ्यांच्या डोक्यावरून त्याच जिन्याने जाते-येते. आधी पॉलिश केलेला जिना त्या दोन आठवड्यांत पुन्हा जुना होतो. एकाच उभ्या रांगेतल्या, म्हणजे एकाखाली एक असलेल्या मोऱ्या एकत्र काढल्या तर पाइप एकदाच उघडावा लागतो, गवंडी आणि प्लंबर एकदाच ठरतात, राबिटाच्या गाडीचे भाडे वाटले जाते.

हंगामही पाहावा लागतो. दिवाळीनंतर लाकडाचे काम काढावे, कारण तेव्हा लाकूड कोरडे असते आणि भिंतीतली ओल उतरलेली असते. मे महिन्यात निम्मी चाळ गावी जाते, पाणी आणि जिना दोन्ही मोकळे, तेव्हा मोऱ्या कराव्यात. श्रावणात काढलेले काम गणपतीच्या आत पुरे होत नाही, आणि लालबागमध्ये गणपतीत मजूर मिळत नाहीत, ट्रक गल्लीत शिरत नाही.

‘पुनर्विकास येतोय, आता कशाला खर्च’ हे वाक्य या भागातल्या कित्येक चाळींत दोन-तीन दशके ऐकू येते आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जागी टॉवर आले, शेजारची चाळ मात्र तिथेच राहिली, असेही झाले. इमारत आणखी दहा वर्षे उभी राहील असे धरून सांगाडा, पाइप आणि वॉटरप्रूफिंग यांवर पूर्ण खर्च करावा. दिसणाऱ्या वस्तूंत मात्र काढून नेता येतील अशाच घ्याव्यात: नळ, गिझर, आरसा, दिवे. भिंतीला कायमची चिकटणारी महागडी टाइल या हिशेबात बसत नाही.

मजुरी अंगावर द्यायची की रोजावर, हे काम पाहून ठरवावे. लादी आणि गिलावा मोजता येतो, तो चौरस फुटाच्या दराने अंगावर द्यावा. वासे आणि तुळया उघडेपर्यंत आत काय आहे कळत नाही. ते काम अंगावर दिले तर सुतार एकतर दर फुगवतो किंवा कुजका भाग झाकून टाकतो, म्हणून ते रोजावरच. एकूण अंदाजाच्या पंधरा-वीस टक्के रक्कम न दिसणाऱ्या खर्चासाठी बाजूला हवी. वॉटरप्रूफिंग करणाऱ्याचे काही पैसे शेवटपर्यंत राखून ठेवावेत आणि तसे कामाआधीच सांगावे. मोरी महिनाभर रोज वापरात राहिली, पहिला मोठा पाऊस होऊन गेला, आणि खालच्या खोलीच्या छताला, वाशाच्या टोकांना आणि जिन्याच्या भिंतीला हात लावून ती कोरडी लागली, की तो हप्ता द्यावा.